मे महिन्यात मोजलेले पक्षी

(आपल्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला वीस मिनिटे दिली आहेत आणि विषय दिला आहे 'पर्यावरण आणि आपण'. याच विषयावर नववीच्या सहामाहीत निबंध आला होता आणि बाईंनी मला दहापैकी साडेचार गुण दिले होते. बाई समोरच बसल्या आहेत, त्यामुळे तो प्रयोग पुन्हा करत नाही. विषय थोडा लहान करून घेतो. गेली सत्तावीस वर्षे मी ज्यावर पोट भरतो त्या कामाबद्दल बोलतो. उच्चदाबाची वीजवाहिनी एखाद्या जंगलातून, माळरानावरून किंवा तळ्याच्या काठाने न्यायची असेल, तर तिथे काय काय बिघडेल हे आधी जाऊन बघायचे आणि लिहून द्यायचे, हे माझे काम. आपल्यातले तिघे महावितरण आणि महापारेषणमध्ये आहेत. त्यांनी मधेच हात वर केला तरी चालेल. शाळेतही ते उत्तर येत नसताना हात वर करायचेच.

सुरुवात आपल्या सहलीपासून करतो. जानेवारी 1987. विज्ञानाच्या सरांनी आपल्या तुकडीला एसटीने पैठणला नेले होते. आठवते का? मुख्याध्यापकांना सांगितले होते, धरण दाखवायला नेतो. धरण बघून झाले, संत एकनाथांच्या समाधीचे दर्शन झाले, आणि मग सरांनी गाडी नाथसागराच्या काठाने आडवाटेला घेतली. पहाटे चारला उठलो होतो, थंडी मरणाची, कुणाकडे धड स्वेटर नव्हता. त्या काठावर सरांनी आपल्याला अर्धा तास गप्प बसवले. संध्याकाळ झाली आणि हरभऱ्याच्या रानांकडून करकोच्यांची माळ आली. मग दुसरी, मग तिसरी. क्रूऽ क्रूऽ असा आवाज डोक्यावरून गेला आणि सगळे पाण्याच्या कडेला उतरले. सर म्हणाले, हे मंगोलियाकडून, मध्य आशियाकडून येतात, आपल्या गव्हा-हरभऱ्यावर थंडी काढतात आणि परत जातात. आपल्यातला एक जण म्हणाला, सर, मग यांना पासपोर्ट लागतो का? त्याला सरांनी परतीच्या वाटेवर उभे राहून प्रवास करायला लावला. तो आज पासपोर्ट कार्यालयात नाही, पण ट्रॅव्हल एजन्सी चालवतो.

आदल्याच वर्षी, 1986 मध्ये, नाथसागराला पक्षी अभयारण्य जाहीर केले होते. सुमारे 341 चौरस किलोमीटर. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातले गौताळा औट्रमघाटही अभयारण्य झाले. आपल्याला तेव्हा यातले काही माहीत नव्हते. सरांना असावे.

ही सहल एवढ्यासाठी सांगितली, की पुढे चोवीस वर्षांनी मी जी चूक केली ती या सहलीला गेलेल्या मुलाने करायला नको होती. ती आज सरांसमोर सांगायची म्हणून मी हे भाषण स्वीकारले. नाहीतर मला व्यासपीठाची किती हौस आहे हे तुम्ही जाणताच.

2011 ची गोष्ट. मी एका सल्लागार संस्थेत होतो. नाव सांगत नाही, जिल्हाही सांगत नाही. 220 केव्हीची एक लाईन होती. तिचा एक तुकडा, जेमतेम चार किलोमीटरचा, एका मध्यम आकाराच्या तलावाच्या पसरट काठाने जाणार होता. कर्ज देणाऱ्या बँकेची अट होती म्हणून पर्यावरणाचा अहवाल हवा होता. काम आले एप्रिलच्या शेवटी, अहवाल द्यायचा होता जूनच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे पाहणी मे महिन्यात. मी पाच दिवस तिथे राहिलो. ऊन एवढे, की दुपारी बुटाचा तळ मऊ व्हायचा. तलाव आटून मध्ये थारोळे उरले होते. बगळे, टिटव्या, वेडे राघू, दोन घारी, एक खंड्या. प्रामाणिकपणे मोजले, प्रामाणिकपणे लिहिले. आणि शेवटच्या पानावर आमच्या धंद्यातले एक ठरलेले वाक्य असते, तेही लिहिले: प्रस्तावित वाहिनीमुळे पक्षिजीवनावर लक्षणीय परिणाम संभवत नाही. खाली माझी सही.

मित्रांनो, त्या अहवालात एकही आकडा खोटा नव्हता. मे महिन्यात तिथे जे होते तेच मी लिहिले होते. पण करकोचे मे महिन्यात इथे नसतात, हे मला नववीपासून ठाऊक होते. तलावाच्या चारी बाजूंना हरभरा-गव्हाची रिकामी रानेही दिसत होती. दोन आणि दोन चार करायला मला कुणी अडवले नव्हते. हिवाळ्यात पुन्हा यावे लागेल असे लिहिले असते तर काम सहा महिने लांबले असते, साहेब चिडले असते आणि पुढचे काम दुसऱ्याला गेले असते. एवढेच. त्या वर्षी मी घराचा हप्ता नुकताच सुरू केला होता.

लाईन उभी राहिली. त्यानंतरच्या दुसऱ्या जानेवारीत एका शेतकऱ्याचा फोन आला. पाहणीच्या वेळी त्याच्या विहिरीवर आम्ही पाणी प्यायचो, तेव्हा नंबर दिला होता. तो म्हणाला, "साहेब, तुमच्या तारंखाली मोठाली पाखरं मरून पडायलीत. कुत्रे ओढून नेतेत. तुम्ही तर म्हणले होते काही होत नाही." मी तसे त्याला कधी म्हणालो नव्हतो. पण लिहिले होते, आणि ते त्याला कुठूनतरी कळले होते.

मी रजा टाकून गेलो. पहाटे धुके होते. तलावात शेकडो करकोचे उभे होते. रानांकडे निघाले तेव्हा दिसले: रात्रीचा मुक्काम पाण्यात, दिवसाचे चरणे पलीकडच्या रानात, आणि आमची लाईन बरोबर दोहोंच्या मधून. रोज दोन वेळा, तेही उजेड कमी असताना, प्रत्येक थव्याला ती ओलांडावी लागत होती. त्या चार किलोमीटरखाली मी दोन दिवस चाललो. सात पक्ष्यांचे अवशेष मिळाले. एकाचे फक्त दोन पंख होते. एक जिवंत होता, खांदा मोडलेला, दुपारपर्यंत मेला.

आता थोडे तांत्रिक सांगतो. पण फळ्यावर आकृती काढणार नाही, घाबरू नका.

तारेने पक्षी दोन प्रकारे मरतात. एक शॉक लागून. तो गावातल्या 11 किंवा 33 केव्हीच्या लाईनवर जास्त लागतो, कारण तिथे तारा जवळजवळ असतात आणि गरुड, घुबड, घारीसारखा मोठ्या पंखांचा पक्षी खांबावर बसता-उठता एकाच वेळी दोन ठिकाणी टेकतो. दुसरा प्रकार धडकण्याचा. हा मोठ्या टॉवरच्या लाईनवर. आणि गंमत अशी, की पक्षी बहुतेक वेळा विजेच्या जाड तारांना धडकत नाहीत. त्या त्यांना दिसतात. त्या चुकवायला ते वर उठतात, आणि सगळ्यात वर विजेपासून संरक्षणासाठी जी बारीक अर्थ वायर असते, तिच्यावर आदळतात. तिच्यात वीजच नसते. नुसती एक बारीक तार.

धडकणारे पक्षी कोण, तर वजनाला जड, वळायला मंद. करकोचे, क्रौंच, हंस, रोहित आणि सगळ्यात दुर्दैवी म्हणजे माळढोक. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, समोरचे त्याला फार थोडे दिसते. उडताना खाली जमिनीकडे मान वळवली की समोरचे जवळपास काहीच दिसत नाही. उघड्या माळावर लाखो वर्षे उडणाऱ्या पक्ष्याला समोर बघायची गरजच नव्हती. समोर होते काय? आभाळ.

याच माळढोकासाठी आपल्या सोलापूरजवळ नान्नजला 1979 मध्ये अभयारण्य झाले. आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. देशात जे थोडे उरले आहेत ते मुख्यतः राजस्थानात, जैसलमेरकडे. तिथे भारतीय वन्यजीव संस्थेने तारांखाली चालून पाहणी केली आणि अंदाज काढला, की थरच्या सुमारे 4200 चौरस किलोमीटरच्या भागात सगळ्या जातींचे मिळून वर्षाला सुमारे 84,000 पक्षी तारांमुळे मरतात. यावर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये आदेश दिला, की माळढोकाच्या प्रदेशातल्या तारा शक्य तिथे जमिनीखाली न्या, बाकीच्यांवर पक्ष्यांना दिसतील अशा खुणा लावा. मग सरकार म्हणाले, मोठ्या दाबाच्या तारा एवढ्या मोठ्या क्षेत्रात जमिनीखाली नेणे तांत्रिकदृष्ट्याही कठीण आणि खर्चही प्रचंड; शिवाय त्या तारांतून येते ती सौर वीज, कोळसा वाचवणारी. मार्च 2024 मध्ये न्यायालयाने आपला आदेश बदलला आणि प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला. दोन्ही बाजूंना पर्यावरण आहे, हे या प्रकरणातले अवघड दुखणे. वाळवंटातला सूर्य हवाही आहे आणि माळढोकही हवा आहे.

मला कुणी विचारले, तू कोणाच्या बाजूने, तर मी दहावीच्या परीक्षेचे दिवस आठवतो. कंदिलाची काच पुसायची पाळी माझी असायची. मराठवाड्यातल्या माणसाने विजेच्या तारेविरुद्ध बोलण्याआधी दहादा विचार करावा. तार नको असे मी कधीच म्हटले नाही. ती कुठून न्यायची आणि ते ठरवण्याआधी कुणी, कधी, किती वेळ बघितले, एवढाच माझा प्रश्न असतो.

आणि बघण्याची सक्ती किती थोडी आहे हे तुम्हाला सांगितले तर आश्चर्य वाटेल. आपल्याकडे 14 सप्टेंबर 2006 ची पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना आहे. धरण, खाण, औष्णिक वीज केंद्र, महामार्ग, विमानतळ यांना त्याखाली मंजुरी लागते. मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते. वीजवाहिनी त्या यादीतच नाही. लाईन वनजमिनीतून जाणार असेल तर 1980 च्या वन संवर्धन कायद्याखाली परवानगी लागते. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून जाणार असेल तर 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली राज्याचे मंडळ आणि मग राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची स्थायी समिती. पण अभयारण्याची हद्द संपली आणि पक्षी पलीकडच्या हरभऱ्यात उतरला, की त्याचा विचार करायला कायद्याने कुणी बांधलेले नाही. शेतजमिनीवर टॉवर टाकताना तर जमीन संपादनही करावे लागत नाही. 2003 च्या वीज कायद्याच्या आधाराने 1885 च्या टेलिग्राफ कायद्याचे अधिकार वापरता येतात. इंग्रजांनी तारायंत्राचे खांब रोवायला केलेला कायदा, आणि त्यावर आज 765 केव्हीचे टॉवर उभे राहतात. आपल्यातले जे शेती करतात त्यांना हा कायदा माझ्यापेक्षा चांगला पाठ आहे. मघाशी चहा घेताना एकाने मला त्याच्या रानातल्या टॉवरची कथा सांगितली. ती एवढी मोठी आहे की तिला वेगळी स्मरणिका लागेल.

आता जंगलाचे बघू. जंगलात तार नेणे म्हणजे फक्त टॉवरच्या चार पायांची जागा नव्हे. 400 केव्हीच्या लाईनला 46 मीटर रुंदीचा पट्टा लागतो. एका किलोमीटरला 4.6 हेक्टर. दहा किलोमीटर गेलात तर 46 हेक्टर, आपल्या भाषेत सुमारे 114 एकर. अहवालात हा आकडा एकूण जंगलाशी भागून मांडतात आणि अर्धा टक्काही येत नाही. मीही असे आकडे मांडलेले आहेत. पण भाकरीचे दोन तुकडे केले तर कमी झालेली भाकरी मोजायची का सुरी फिरलेली रेघ? त्या पट्ट्यात ऊन थेट जमिनीवर येते, ओल जाते, वारा शिरतो, घाणेरी आणि रानमोडी माजते. शेकरू आयुष्यभर झाडावरून झाडावर जाते, ते 46 मीटर उडी मारू शकत नाही. टॉवरचे लोखंड नेण्यासाठी केलेला कच्चा रस्ता नंतर बुजवला असे कागदावर असते. प्रत्यक्षात त्याने लाकूडतोडे जातात, दुचाक्या जातात. आणि तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसऱ्या तालुक्यात रोपे लावली असेही कागदावर असते. आजोबा गेले म्हणून शेजारच्या गावात बारसे करण्यासारखे ते आहे.

याचे अलीकडचे मोठे उदाहरण गोव्यातल्या मोले इथले. तुमच्यातले पुष्कळ जण दूधसागर बघायला गेले असतील. तो धबधबा ज्या भगवान महावीर अभयारण्यात आहे, ते आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून 240 चौरस किलोमीटरचे जंगल आहे. त्यातून एकाच काळात तीन कामे काढली: रेल्वेचा दुसरा मार्ग, महामार्गाचे चौपदरीकरण आणि कर्नाटकातून गोव्यात येणारी 400 केव्हीची वीजवाहिनी. या वीज प्रकल्पाच्या नावात छत्तीसगडमधले तम्नार आहे, म्हणून लोक त्याला तम्नार प्रकल्प म्हणतात. उपकेंद्राची जागा मोलेजवळच्या सांगोडला, तीही झाडीत. वाहिनीला वन्यजीव मंडळाची संमती एप्रिल 2020 मध्ये मिळाली. टाळेबंदीत, व्हिडिओवरच्या बैठकीत. आपण सगळे तेव्हा भांडी घासत होतो.

तिन्ही कामांचे कागद वेगवेगळे होते. रेल्वेचा अहवाल म्हणणार, आमचा पट्टा अरुंद. रस्त्याचा म्हणणार, आम्ही आहे तोच रस्ता रुंद करतो. वाहिनीचा म्हणणार, आम्ही तर वरूनच जातो. तिन्ही मिळून त्या एका जंगलाचे काय होईल हे कुणाच्याच अहवालात बसत नव्हते, कारण ते कुणीच विचारले नव्हते. गोव्यातल्या शास्त्रज्ञांनी, विद्यार्थ्यांनी, चित्रकारांनी, वकिलांनी हाच मुद्दा लावून धरला. नोव्हेंबर 2020 च्या सुरुवातीला चांदर इथे लोक रात्रभर रेल्वेमार्गापाशी उभे राहिले. गोवा फाउंडेशन सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीकडे गेली.

या समितीच्या एप्रिल 2021 च्या अहवालातली एक गोष्ट मी आमच्या नव्या मुलांना नेहमी वाचायला लावतो. समितीने विचारले, याच जंगलातून आंबेवाडी ते फोंडा अशी 220 केव्हीची जुनी लाईन आधीच गेलेली आहे ना? तिचा पट्टा आधीच मोकळा केलेला आहे ना? मग नवी 400 केव्हीची लाईन त्याच पट्ट्यातून का नेत नाही? अखंड जंगलात नवा पट्टा कशाला? हा प्रश्न विचारायला पीएच.डी. लागत नाही. नकाशावर बोट ठेवावे लागते. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहिनीबाबत समितीची ही दिशा मान्य केली आणि रेल्वेच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची संमती रद्द केली. विजेला कुणी नाही म्हटले नाही. रस्ता बदलायला सांगितले.

पर्याय दाखवा, ही आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात खोटी पाने असतात. अहवालात तीन रेघा काढलेल्या असतात, लाल, निळी, हिरवी. त्यातल्या दोन मुद्दाम वेड्यावाकड्या असतात, म्हणजे तिसरी शहाणी दिसते. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात आधी दोन नको असलेली स्थळे दाखवतात तसे. (बाई, माफ करा.) माझ्या त्या तलावाच्या अहवालातही तीन रेघा होत्या. एक रेघ तलावाच्या मागून, टेकडीच्या पायथ्याने जात होती. लांबी थोडी जास्त, वळणाचे टॉवर चार जास्त. तीही मी काढली होती आणि खर्चाच्या रकान्यात मीच तिला नापास केले होते.

पुढे काय झाले ते सांगतो. मी संस्थेला लेखी कळवले की माझा निष्कर्ष चुकला. संस्थेने ते पत्र पुढे पाठवले का, मला माहीत नाही. मग मी शेतकऱ्याला अर्ज लिहून दिला, त्याने आणि सरपंचाने सही केली, फोटो जोडले आणि वनखात्याकडे, लाईनवाल्यांकडे, बँकेकडे पाठवला. बँकेकडे पाठवलेला अर्ज कामी आला असावा असा माझा अंदाज आहे. दीड वर्षाने अर्थ वायरवर त्या दोन किलोमीटरपुरत्या खुणा बसवल्या, वाऱ्यावर फिरणाऱ्या, चमकणाऱ्या चकत्या. त्याने धडका कमी होतात. थांबत नाहीत. मधले दोन हिवाळे तसेच गेले. मी ती नोकरी सोडली असे मोठेपणाने सांगता आले असते, पण खरे असे की मला पुढची कामे देणेच बंद झाले. दोन वर्षे जरा ओढाताणीची गेली. तेव्हा आपल्यातल्या एकाने मला न विचारता माझ्या मुलीची फी भरली होती. तो आज इथे आहे आणि नाव घेतले तर उठून जाईल, म्हणून घेत नाही.

तेव्हापासून मी काही गोष्टी हट्टाने करतो. हिवाळा बघितल्याशिवाय पाणथळीच्या लाईनवर सही करत नाही. लाईन झाल्यावर एक वर्षाने खाली चालण्याची तरतूद करारात मागतो. आणि चालताना मिळालेले पक्षी हाच खरा आकडा मानत नाही, कारण कुत्री, कोल्ही, मुंगसे रात्रीतून साफ करतात. त्यासाठी आधी मेलेल्या कोंबड्या मोजून ठेवायच्या, रोज जाऊन बघायचे किती उरल्या, आणि त्यावरून आपल्या आकड्याला किती पटीने वाढवायचे ते ठरवायचे. गावातल्या लोकांना वाटते साहेबाच्या डोक्यावर परिणाम झाला. एकदा एका आजींनी मला विचारले होते, बाबा, कोणत्या देवाला ठेवतो रे?

आता घराजवळ येतो, आणि संपवतो. जेवणाचा वास आला आहे, आणि नानखलिया थांबत नाही हे मला कळते.

आपल्या नाथसागराच्या पाण्यावर तरंगता सौर प्रकल्प उभारण्याची योजना टीएचडीसी या सरकारी कंपनीने हाती घेतली, हे तुम्ही वाचले असेल. धरणाभोवती 2017 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालेले आहे. पैठणच्या कहार समाज पंच समितीने, म्हणजे त्या पाण्यावर मासेमारी करून जगणाऱ्यांनी, योजनेला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात आव्हान दिले. सप्टेंबर 2024 मध्ये ते फेटाळले गेले. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपील फेटाळले. प्रत्येक प्रकल्प अडवला तर प्रगती कशी होणार, असा न्यायालयाचा सूर होता. न्यायालयाचा निर्णय झाला, त्यावर मी बोलत नाही. सौर ऊर्जा मलाही हवी आहे.

पण एक सांगतो. पाण्यावर पॅनेल कुठेही ठेवा, वीज काठावर आणावी लागणार आणि काठावरून उपकेंद्रापर्यंत तारेने न्यावी लागणार. ती तार पाणी आणि हरभऱ्याची राने यांच्या मधून जाईल का बाजूने, उघडी जाईल का जमिनीखालून, हा प्रश्न सौर का कोळसा या वादापेक्षा करकोच्याला जास्त महत्त्वाचा आहे. अशा संवेदनशील क्षेत्रांच्या अधिसूचनांचा जो ठरावीक मसुदा असतो, त्यात तारा टाकणे हे नियंत्रित काम मानलेले असते आणि जमिनीखालून न्यायला उत्तेजन द्यावे असे लिहिलेले असते. म्हणजे विचारायला जागा आहे. आणि विचारायला जाताना हातात काहीतरी हवे. कुठल्या काठावर कोणते पक्षी रात्री उतरतात, सकाळी किती वाजता कोणत्या दिशेला जातात, किती उंचीवरून जातात. हे टीएचडीसीला विचारून कळणार नाही आणि मे महिन्यात पाच दिवस येणाऱ्या माझ्यासारख्याला तर मुळीच नाही. ते काठावरच्या माणसाला कळते. कहार मंडळींना कळते. आपल्यातले जे चार जण पैठण आणि गंगापूर तालुक्यात शेती करतात, त्यांना रोज डोक्यावरून जाताना दिसते.

म्हणून एक बेत आहे. दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. ती 1987 मध्ये सुरू झाली. सर, म्हणजे तुम्ही आम्हाला नेले त्याच वर्षी. तुम्हाला ते माहीत होते की नुसता योग, ते मी तुम्हाला मघाशी विचारले, तर तुम्ही नेहमीसारखे हसलात आणि चहा मागवलात.

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी आपण जायचे. पहाटे साडेचारला शाळेच्या फाटकापाशी. दोन गाड्या ट्रॅव्हलवाला देतोय, आणि या वेळी त्याला बसायला जागा देऊ. तीन-तीन जणांच्या टोळ्या करून काठावर वेगवेगळ्या ठिकाणी बसायचे आणि फक्त तीन गोष्टी लिहायच्या: वेळ, दिशा, आणि बाभळीच्या शेंड्याच्या वर का खाली. पक्ष्याचे नाव येत नसेल तर 'मोठा, राखी' एवढे लिहा, नाव मी आणि सर घालू. दुर्बीण नसली तरी चालेल. स्वेटर मात्र आणा. महापारेषणच्या आपल्या मित्राने यायचे कबूल केले आहे. त्याच्या हातात मी जाड पेन देणार आहे आणि नकाशावर पक्ष्यांच्या रेघा त्यालाच काढायला लावणार आहे.

नावे जेवताना बाईंकडे द्या. अक्षर नीट काढा, त्या अजून गुण देतात.